घरी वाजवायला व्हॉल्व्हचा (काचेच्या व्हॅक्यूम ट्यूबवर चालणारा) गिटार अ‍ॅम्प घ्यायचाय. ५ वॅट पुरेल की १५ वॅटचा घ्यावा?

तुम्ही लिहिलंय की फ्लॅटमध्ये वाजवणार, शेजाऱ्यांची भिंत सामाईक आहे, आवाज मुख्यतः क्लीन, म्हणजे स्वच्छ, हवाय आणि ब्लूजसाठी किंचित फुटलेला (थोडा खरखरीत). दुकानदार म्हणतो ५ वॅटचा घ्या, मित्र म्हणतो १५ वॅटच्या खाली बघूच नका.

माझं मत मित्राच्या बाजूने आहे, पण कारण वेगळं आहे. वॅट जास्त म्हणून नाही, तर १०-१५ वॅटच्या अ‍ॅम्पमध्ये त्या वॅटबरोबर ज्या बाकीच्या गोष्टी येतात त्यांच्यासाठी. शेजाऱ्यांच्या दृष्टीने या दोन आकड्यांत जवळजवळ काहीच फरक नाही.

शक्ती दुप्पट केली की आवाजाची पातळी फक्त ३ डेसिबलने वाढते. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे शक्ती दहापट करावी लागते. त्या हिशेबाने १५ वॅटचा अ‍ॅम्प ५ वॅटच्या अ‍ॅम्पपेक्षा जेमतेम ५ डेसिबलने मोठा. आता स्पीकर बघा. सेलेस्टियन कंपनीच्या ग्रीनबॅक या गिटार स्पीकरची संवेदनशीलता ९८ डेसिबल आहे: त्याला १ वॅट दिला तर एक मीटरवर ९८ डेसिबल. म्हणजे ५ वॅटला साधारण १०५ आणि १५ वॅटला ११०. घरात टीव्ही ६०-७० डेसिबलच्या आसपास चालतो. तेवढ्या आवाजाला या स्पीकरला एका वॅटचा हजारावा हिस्सा पुरतो! तार जोरात छेडली की क्षणभर त्याच्या कितीतरी पट लागते हे खरं, पण तरीही आपण वॅटच्या अपूर्णांकातच बोलतोय. ५ काय आणि १५ काय, दोन्ही तुमच्या खोलीला भरमसाट आहेत. आणि प्रश्न फक्त शेजाऱ्यांचा नाही. अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलला रोज आठ तास ही मर्यादा आहे आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला उरतात १५ मिनिटं.

मग '५ वॅटचा घ्या, फुल करून वाजवा' हा सल्ला येतो कुठून? व्हॉल्व्ह अ‍ॅम्पमध्ये आवाज कुठे फुटतो, त्यातून. गिटारचा सिग्नल आधी प्रीअ‍ॅम्पमधल्या छोट्या व्हॉल्व्हमधून जातो, बहुतेक वेळा १२एएक्स७ (यालाच युरोपात ईसीसी८३ म्हणतात). तिथून तो स्पीकर हलवायची शक्ती देणाऱ्या पॉवर व्हॉल्व्हकडे, मग आउटपुट ट्रान्सफॉर्मरमधून स्पीकरकडे. यातला प्रत्येक टप्पा जोर वाढला की आपापल्या परीने आवाज फोडतो. लोक ज्या आवाजावर फिदा असतात, जो बोटाच्या जोराप्रमाणे कमी-जास्त फुटतो आणि तार सोडल्यावरही अंगात भरून राहतो, त्यात पॉवर व्हॉल्व्हचा आणि स्पीकरचा वाटा मोठा असतो. ते टप्पे कामाला लागतात अ‍ॅम्प त्याच्या मर्यादेला पोचल्यावरच. म्हणून छोटा अ‍ॅम्प, म्हणजे मर्यादा लवकर. तर्क बरोबर आहे. फक्त ती 'लवकर' येणारी मर्यादाही १०० डेसिबलच्या पुढे आहे, हे कोणी सांगत नाही. स्टुडिओत फेंडर चॅम्पसारखा ५ वॅटचा, एक ६व्ही६ पॉवर व्हॉल्व्ह आणि ८ इंची स्पीकर असलेला अ‍ॅम्प फुल करून रेकॉर्ड करतात, कारण तिथे भिंती जाड असतात आणि ऐकायला फक्त माइक असतो.

म्हणजे फ्लॅटमध्ये पॉवर व्हॉल्व्ह फोडणं जवळजवळ बाद. हे एकदा मान्य केलं की निवड सोपी होते, कारण मग शोधायचं एवढंच: हळू आवाजात कोणता अ‍ॅम्प चांगला वाजतो?

इथे ५ वॅटचे बरेच अ‍ॅम्प मागे पडतात. त्यांच्यात सहसा एकच पॉवर व्हॉल्व्ह असतो. अशा रचनेत आउटपुट ट्रान्सफॉर्मरमधून सतत डीसी करंट वाहतो, त्यामुळे त्याच्या गाभ्यात फट ठेवावी लागते, आणि ट्रान्सफॉर्मर पुरेसा मोठा नसेल तर खालचे सूर अशक्त येतात. खर्च वाचवायला ट्रान्सफॉर्मर लहानच ठेवलेला असतो. वर पेटी लहान, स्पीकर ८ इंची. आवाज डबीतून आल्यासारखा. हळू वाजवताना हे जास्त जाणवतं, कारण मुळात आपला कानच हळू आवाजात बेस कमी ऐकतो. १९३३ मध्ये बेल लॅब्जमधल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी हे मोजून दाखवलं होतं. दोन पॉवर व्हॉल्व्ह जोडीने काम करतात त्या १०-१५ वॅटच्या अ‍ॅम्पला ट्रान्सफॉर्मर बरा मिळतो, पेटी मोठी असते, १० किंवा १२ इंची स्पीकर असतो, बऱ्याचदा रिव्हर्ब (आवाजाला मोठ्या खोलीसारखा घुमारा देणारी सोय) असतो. खोलीत हळू वाजवताना रिव्हर्बने किती फरक पडतो ते वाजवूनच कळेल. माझ्या मते घरच्या अ‍ॅम्पला एकूण आवाज ठरवणाऱ्या मास्टर व्हॉल्यूमच्या बटणाखालोखाल रिव्हर्ब हवाच.

मास्टर व्हॉल्यूमबद्दल मात्र एक गैरसमज आहे. गेन (सुरुवातीच्या टप्प्यात सिग्नलला मिळणारा जोर) वर, मास्टर खाली केलं की फक्त प्रीअ‍ॅम्प फुटतो. पुढचे टप्पे आणि स्पीकर निवांत बसलेले असतात, त्यामुळे तो आवाज गोल न होता डास गुणगुणल्यासारखा येऊ शकतो. काही अ‍ॅम्पमध्ये हे छान जमवलेलं असतं, काहींमध्ये अजिबात नाही. तुम्हाला 'किंचित फुटलेला'च आवाज हवाय, त्यामुळे माझा सरळ सल्ला: अ‍ॅम्प क्लीन ठेवा आणि समोर ट्यूब स्क्रीमर जातीचं एखादं ओव्हरड्राइव्ह पेडल (पायाजवळ ठेवायचा, आवाज फोडणारा छोटा डबा) लावा, ड्राइव्ह कमी, लेव्हल हवी तेवढी. व्हॉल्व्हप्रेमी नाक मुरडतील. मुरडू द्या, रात्री नऊ वाजता ते तुमच्या शेजारी राहत नाहीत.

आता नावं. व्हॉक्स एसी१० आणि एसी१५ या दोन्हींत ईएल८४ या पॉवर व्हॉल्व्हची जोडी आहे. वरच्या सुरांत खणखणीत, थोड्या गेनला पटकन फुटणारे. दोन्हींना मास्टर आहे. तुमच्या वर्णनावरून मी आधी एसी१० ऐकेन, त्यात १० इंची स्पीकर आहे आणि उचलायलाही सोपा. फेंडर ब्लूज ज्युनियर १५ वॅटचा, तोही ईएल८४वर, १२ इंची स्पीकर, मास्टर आणि रिव्हर्ब दोन्ही. क्लीन हाच जीव की प्राण असेल तर फेंडर प्रिन्सटन रिव्हर्ब: ६व्ही६ची जोडी, १० इंची स्पीकर, १२-१५ वॅट. त्याला मास्टर नाही, पण क्लीन वाजवणाऱ्याला मास्टर लागतोच कुठे? व्हॉल्यूम दीड-दोनवर ठेवा आणि पेडल लावा, सुंदर वाजतो. त्याचाच मोठा भाऊ डीलक्स रिव्हर्ब २२ वॅटचा. आवाज अप्रतिम, पण व्हॉल्यूमचं बटण केसभर फिरवलं की खोली दणाणते. घरासाठी नको. जास्त गेनची आवड पुढे लागेल असं वाटत असेल तर मार्शल डीएसएल२०. तो २० वॅटचा आहे आणि स्विचने १० वॅट होतो, पण खरा फायदा त्याच्या इफेक्ट्स लूपचा, म्हणजे पॉवर व्हॉल्व्हच्या आधी बाहेरचं पेडल जोडायच्या जागेचा. लूपमध्ये साधं व्हॉल्यूम पेडल लावलं की दुसरा मास्टर तयार होतो, आणि जिथे अ‍ॅम्पचं स्वतःचं बटण शून्य ते एकच्या मध्ये उडी मारतं तिथे याने आवाज अगदी बारीक जुळवता येतो.

'हाफ पॉवर' स्विचला भुलू नका. निम्मी शक्ती म्हणजे ३ डेसिबल, वर सांगितलंच. दहावा हिस्सा करणारे स्विच थोडे कामाचे: मार्शल डीएसएल१ हा १ वॅटचा अ‍ॅम्प ०.१ वॅटवर चालवता येतो. पण ९८ डेसिबलच्या स्पीकरवर ०.१ वॅट म्हणजेही ८८.

उलट ज्याचा कोणी विचार करत नाही ती गोष्ट म्हणजे कमी संवेदनशीलतेचा स्पीकर. १०० डेसिबलच्या व्हिंटेज ३० या स्पीकरऐवजी ९५ डेसिबलचा कुठलाही चांगला स्पीकर लावला तर ५ डेसिबल कमी होतात, म्हणजे १५ वॅटवरून ५ वॅटवर येण्याइतकाच फरक, आणि बाकी अ‍ॅम्प तसाच. ओहमचा (स्पीकरच्या विद्युत रोधाचा) आकडा मात्र जुळलाच पाहिजे.

अ‍ॅटेन्युएटरबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण पुढचा प्रश्न तोच असेल. हे यंत्र अ‍ॅम्प आणि स्पीकरच्या मध्ये बसतं आणि जास्तीची शक्ती उष्णतेत घालवतं. अ‍ॅम्प मात्र पूर्ण ताकदीने राबत असतो, त्यामुळे पॉवर व्हॉल्व्ह तेवढेच झिजतात. सात-आठ डेसिबल कमी करेपर्यंत चांगला परिणाम मिळतो. त्याहून खूप खाली आणलं की आवाज निस्तेज होतो. थोडा दोष यंत्राचा, बराचसा न हलणाऱ्या स्पीकरचा आणि आपल्या कानाचा. टीव्हीच्या पातळीवर यायला तीस-चाळीस डेसिबल कापावे लागतील, तिथे अ‍ॅटेन्युएटरकडून चमत्काराची अपेक्षा करू नये. रात्री उशिरा वाजवायचं तर लोड बॉक्स (स्पीकरच्या जागी शक्ती झेलणारं यंत्र) घेऊन हेडफोनवर ऐकणं जास्त बरं. त्यात स्पीकर आणि माइकची नक्कल सहसा डिजिटल असते, अ‍ॅम्प खराखुरा. एक मात्र पक्कं लक्षात ठेवा: स्पीकर किंवा लोड न जोडता व्हॉल्व्ह अ‍ॅम्प कधीही वाजवायचा नाही. आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो, आणि अ‍ॅम्पमधल्या महागड्या भागांपैकी तो एक.

तुमचं वाजवणं रोज रात्री दहानंतरच होणार असेल तर खरं सांगू, व्हॉल्व्ह घेऊच नका. फेंडर टोन मास्टर डीलक्स रिव्हर्ब हा पूर्ण डिजिटल अ‍ॅम्प ०.२ वॅटपर्यंत खाली येतो आणि वजनाला मूळ डीलक्सच्या निम्माच आहे. बॉस कटाना किंवा यामाहा टीएचआरसारखे अ‍ॅम्प हळू आवाजासाठीच जास्त जमतात. दिवसातला तासभर तरी थोडं मोकळं वाजवता येत असेल तरच व्हॉल्व्हचे पैसे वसूल होतात.

दुकानात अ‍ॅम्प ऐकताना आवाज आपल्या बोलण्याइतकाच ठेवा, म्हणजे शेजारचा माणूस आवाज न चढवता तुमच्याशी बोलू शकेल एवढा. विक्रेता हात पुढे करून वाढवेल, पुन्हा खाली आणा. टोनची बटणं तिथेच, त्याच पातळीवर जुळवा. बेस नेहमीपेक्षा थोडा वर लागेल. गिटारचं व्हॉल्यूम दहावरून चारवर आणून बघा, आवाज घुसमटतो की नुसताच स्वच्छ होतो. काही न वाजवता घरघर किती येते तेही ऐका, घरी शांततेत ती ऐकू येणारच. घरी आणल्यावर अ‍ॅम्प जमिनीवर ठेवू नका, बेस फरशीतून खालच्या घरात उतरतो. स्टँडवर तिरका ठेवा. मोठ्या स्पीकरचे वरचे सूर सरळ रेषेत जातात. अ‍ॅम्प गुडघ्याकडे तोंड करून असला की तुम्हाला आवाज मंद वाटतो आणि तुम्ही उगाच वाढवत राहता.

व्हॉल्व्ह बदलावे लागतात या भीतीने मागे हटू नका. प्रीअ‍ॅम्पचे व्हॉल्व्ह वर्षानुवर्षं चालतात आणि स्वतःलाही बदलता येतात: अ‍ॅम्प बंद करून गार होऊ द्यायचा, जुना काढायचा, नवा बसवायचा. आज नवे व्हॉल्व्ह मुख्यतः स्लोव्हाकिया, रशिया आणि चीनमध्ये बनतात. पॉवर व्हॉल्व्हच्या बाबतीत बायस (व्हॉल्व्हमधून वाहणाऱ्या करंटची जुळणी) बघावा लागतो: अ‍ॅम्प कॅथोड बायसचा असेल, जसा एसी१५, तर नव्या जोडीसाठी काही जुळवावं लागत नाही. फिक्स्ड बायसचा असेल तर तंत्रज्ञाकडून जुळवून घ्या. आतला डबा उघडून स्वतः काही करू नका. तिथे ३००-४०० व्होल्टचा डीसी असतो आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये तो बराच वेळ टिकू शकतो.

वापरलेला अ‍ॅम्प दुसऱ्या देशातून आलेला असेल तर मागच्या पट्टीवर व्होल्टेज किती लिहिलंय ते आधी वाचा. १२० व्होल्टचा अ‍ॅम्प २३० व्होल्टला लावला तर नशीब चांगलं असेल तर फ्यूजवर भागतं. काही ट्रान्सफॉर्मरना दोन्ही व्होल्टेजची तारजोडणी असते आणि तंत्रज्ञ ती बदलून देतो. तशी नसेल तर पुरेशा क्षमतेचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर वापरता येतो. त्याची किंमत आणि वजन सौदा करतानाच धरा.