टीमची काळजी घ्यायची म्हणजे नेमकं काय करायचं?

प्रश्न : ताई, मी वेर्ण्याला कंपनीत सुपरवायझर आहे, घर डिचोलीला. टीममधला एक मुलगा हल्ली गप्प असतो, रजा वाढल्यात. एचआरने मेडिटेशनचं सेशन ठेवलं, काही फरक नाही. मी काय करू?

उत्तर : सेशनला माझा विरोध नाही हो, पण आठवडाभर नाईट शिफ्ट आणि रोस्टर आदल्या रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर येणार असेल तर तासभर डोळे मिटून काय होणार? तुमच्या हातात जे आहे तिथून सुरुवात करा, शिफ्ट आधी कळवा, रजा मागितली की सगळ्यांसमोर टोमणा नको, आणि त्याला बाजूला घेऊन "झोप लागते का रे?" एवढंच विचारा आणि मग स्वतः गप्प बसा, सल्ले देत सुटू नका.

डॉक्टर नाही म्हणून मागे सरू नका. आपल्याच गोव्यात संगाथ संस्थेने आरोग्य केंद्रांत साध्या, प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांकडून डिप्रेशनच्या पेशंटना मदत दिली, फायदा दिसला, 2010 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापूनही आलं. अर्थात ते प्रशिक्षित होते, तुम्ही निदान करत बसू नका.

टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर नोटीस बोर्डावर लावा, फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. आणि "जगण्यात अर्थ नाही" असं काही तो बोलला तर थांबू नका, एकटं सोडू नका, घरच्यांना घेऊन लगेच बांबोळीला मनोरुग्णालयात जा. तिथे गेलेलं कुणी बघेल ही भीती त्याला वाटेल, म्हणून शक्य असेल तर तुम्हीच सोबत जा.