इनुइट कलेत करिअर : जायचं तर कुठल्या कामाला?

(नाशिकच्या एका आईचं पत्र आहे. मुलगी मुंबईत बी.एफ.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय मुद्राचित्रण (प्रिंटमेकिंग, म्हणजे ठसा कोरून कागदावर चित्र छापणं). कॅनडाच्या उत्तरेकडच्या इनुइट लोकांची चित्रं पाहून ती भारावली आहे. 'ही कला नव्या पिढीपर्यंत पोचायला हवी, तिथे जाऊन मुलांना शिकवीन,' म्हणते. 'कर्ज काढून पाठवावं का? यात पोट भरेल का?' असं आई विचारते.)

ताई, नमस्कार.

मुलीची आवड खुळचट नाही. कॅनडाच्या उत्तरेकडच्या नुनावुत या इनुइट प्रदेशातल्या किंगाइत गावात (पूर्वीचं केप डॉर्सेट) सहकारी संस्था १९५९ पासून दरवर्षी मुद्राचित्रांचा नवा संच काढते. तिथे काम करणारे कॅनडाचे चित्रकार जेम्स ह्यूस्टन जपानला जाऊन तिथले मुद्राचित्रकार उन-इची हिरात्सुका यांच्याकडे ठसेकाम शिकून आले. चित्रकार कागदावर रेखाटतो, दुसरा कारागीर ते दगडावर कोरतो आणि जपानी कागदावर छापतो, अशी पद्धत किंगाइतमध्ये रुजली. किंगाइतच्या चित्रकार केनोजुआक आशेवाक यांचं १९६० चं घुबड तर १९७० मध्ये कॅनडाच्या टपाल तिकिटावर गेलं. मुद्राचित्रण शिकणारी मुलगी यावर भाळली नसती तरच नवल.

पण 'तिथे जाऊन शिकवीन' हे मात्र तिने डोक्यातून काढावं. शिकवणारे तिथे आहेत. इकालुइतला नुनावुत आर्क्टिक कॉलेजात दागिने आणि धातुकाम शिकवतात, पांगनिर्तुंगला विणकामाची कार्यशाळा १९७० पासून आहे. शिवण आणि कोरीवकाम तर घरातल्या मोठ्यांजवळ बसूनच मुलं शिकतात. अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. सील या समुद्री प्राण्याच्या कातड्याचे बूट शिवायला आधी सील लागतो. शिकारीला स्नोमोबाइल, पेट्रोल, काडतुसं लागतात आणि हे सगळं तिकडे फार महाग, कारण नुनावुतच्या २५ गावांपैकी एकही दुसऱ्याला रस्त्याने जोडलेलं नाही. विमान, नाहीतर उन्हाळ्यात येणारं मालवाहू जहाज. त्यात युरोपीय संघाने २००९ मध्ये सीलच्या वस्तूंवर बंदी घातली. इनुइटांना सवलत ठेवली खरी, पण गिऱ्हाइकाने एकदा पाठ फिरवली की कागदावरच्या सवलतीने माल खपत नाही. दगडी शिल्पांचा दगडही लांबच्या खाणींतून आणावा लागतो. माल मिळाला आणि दाम मिळालं तरच विशीतला मुलगा हत्यार हातात धरतो. बाहेरून आलेल्या शिक्षिकेने यातलं काय सुटणार?

दुसरी गोष्ट स्पष्टच सांगते. या क्षेत्रातल्या पुढच्या खुर्च्यांवर आता इनुइट माणसं बसावीत, असा प्रयत्न चालू आहे आणि तो रास्तच आहे. १९५८ मध्ये अस्सलपणाची खूण म्हणून सरकारने सुरू केलेला इग्लू टॅग २०१७ पासून इनुइट आर्ट फाउंडेशन सांभाळतं. विनिपेगच्या कलादालनात २०२१ मध्ये काउमायुक हे इनुइट कलाकेंद्र उघडलं, तेव्हा पहिलं प्रदर्शन इनुइट क्युरेटरांनीच (कलाकृती निवडून प्रदर्शन मांडणाऱ्यांनी) मांडलं. मॉन्ट्रियलच्या कॉन्कॉर्डिया विद्यापीठात तर इनुइट तरुणांना कलाक्षेत्राच्या नेतृत्वासाठी तयार करायला एक प्रकल्पच सुरू झाला. तेव्हा 'इनुइट कलेची क्युरेटर' व्हायच्या आशेवर कलेतिहासाच्या एम.ए.साठी कर्ज काढू नका.

तिची खरी जागा मला कागदाच्या संवर्धनात, म्हणजे कागदावरची जुनी चित्रं दुरुस्त करून जपण्याच्या कामात दिसते. किंगाइतच्या संस्थेच्या संग्रहातली हजारो रेखाटनं टोरांटोजवळच्या मॅकमायकल संग्रहालयात दीर्घ मुदतीवर ठेवलेली आहेत. उद्याच्या इनुइट चित्रकाराला आजीने काय काढलं होतं हे पाहायचं असेल, तर तो कागद शाबूत हवा, त्याची नोंद नीट हवी आणि स्कॅनही चांगलं हवं. जपानी कागद, शाई, छपाई यांची जाण तिला आधीच आहे. आणि इनुइट कामाची संधी लगेच नाही मिळाली, तरी कागदाचा संवर्धक कुठल्याही संग्रहालयाला किंवा ग्रंथालयाला लागतोच. सुरुवातीला मात्र ही कामं बहुधा कंत्राटी असतात, पगारही बेताचाच, हे धरून चाला.

कॅनडात किंग्स्टनच्या क्वीन्स विद्यापीठात याचं पदव्युत्तर शिक्षण मिळतं.  क्वीन्सला रसायनशास्त्र लागतं, आणि इथेच आपली बी.एफ.ए.ची मुलं अडकतात. बारावीला तिचे विषय कोणते होते ते तुम्ही लिहिलेलं नाही. विज्ञान असेल तर वाट सोपी. नसेल तर एखादं वर्ष त्यातच जाईल असं समजा.

म्हणून यंदा अर्ज नको. पदवी झाली की मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या संवर्धन केंद्रात उमेदवारीची काही सोय होते का, ते तिने स्वतः जाऊन विचारावं. (स्वतः, ताई. तुम्ही फोन करू नका.) जुन्या कागदाची बुरशी आणि धूळ काढत दिवसच्या दिवस बसायला तिला आवडलं, तर वर्षभराने कर्जाचं बोलू. कंटाळली, तर मुद्राचित्रणाची पदवी हातात आहेच आणि कर्ज डोक्यावर नाही.