तीन दिवसांचं सुतक

माहेर कराडकडचं, सासर नाशिकचं, वय ३७. एवढीच ओळख देऊन एका मैत्रिणीने पत्र पाठवलंय. तिचा धाकटा भाऊ चैत्रात गेला, वयाच्या ३४व्या वर्षी. छातीत कळ आली, गाडीत घालून दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. मागे आई, वडील, तिशीतली बायको आणि साडेचार वर्षांचा मुलगा. पत्रातला थोडा भाग तिच्याच शब्दांत देते.

"त्या दिवशी ११ वाजून १० मिनिटांनी त्याचा फोन आला होता. मी मीटिंगमध्ये होते. 'नंतर करते' असा मेसेज टाकला आणि विसरले. दीड वाजता काकांचा फोन आला. लग्न झालेली मुलगी म्हणून मला तीन दिवसांचं सुतक सांगितलं. तेराव्यानंतर नाशिकला आले, कामावर गेले. तेव्हापासून भेटेल तो विचारतो, 'आई कशी आहे?' तू मोठी, तू धीर धर, आईसमोर रडू नकोस. मी ऑफिसच्या बाथरूममध्ये रडते. परवा कोणाच्या तरी बोलण्यावर मोठ्याने हसले आणि मग माझीच मला किळस आली. ग्रुपवर दुःखाच्या पाच पायऱ्या आल्या होत्या, मी त्यातल्या एकीवरही सापडत नाही. साडेसहा महिने झाले. मला वेड लागतंय का? आणि या सगळ्यांना सावरू कसं?"

मैत्रिणी,

तुझं पत्र चार पानांचं आहे. आई किती घास खाते, बाबा किती वाजता शेताकडे जातात, वहिनीला कोण काय बोललं, सगळं त्यात आहे. तुझ्या भावाचं नाव मात्र एकदाही नाही. 'माझा भाऊ', 'तो', 'धाकटा'. नाव लिहायला गेलीस आणि हात थांबला असेल, हे मी समजू शकते. तरी हे वाचून झालं की ते नाव मोठ्याने घे. घरात कोणी नसेल तेव्हा घे. लहानपणी ओढ्यावरून हाक मारायचीस तसंच घे.

सुतकाचं आधी बोलते, कारण ते तुला फार लागलंय. लग्नानंतर मुलीचं गोत्र बदललं, म्हणून माहेरचे तिचे दिवस कमी. एवढाच तो जुना हिशेब आहे. कोणाचा जीव किती तुटला, हे मोजायला तो केलेला नव्हता. पण तीन दिवस संपल्यावर तुला कोणी रडणाऱ्यांत धरलंच नाही. तू चहा करायला, पाहुण्यांना पाणी द्यायला, आईला घास भरवायला उभी राहिलीस. तो जन्मला तेव्हा तू तीन वर्षांची होतीस. आईबाबांनी तो येण्याआधीचं घर पाहिलंय, वहिनीला स्वतःचं माहेर आठवतंय. तुला मात्र जेव्हापासूनचं काही आठवतं, तेव्हापासून तो आहेच. तुझं काय गेलंय, ते या घरात दुसऱ्या कोणाचं गेलेलं नाही. त्यांच्यापेक्षा जास्त किंवा कमी असं मी म्हणत नाही. ते वेगळं आहे, आणि त्याला रडायला तू कोणाची परवानगी घ्यायची नाहीस.

आता ११ वाजून १० मिनिटं.

'तुझी काही चूक नाही' असं तुला सगळ्यांनी सांगून झालं असेल. त्याने काही हललं नसेल. 'फोन उचलला असता तर' या वाक्यात तू रात्री अडकतेस, आणि त्या फोनवर तो छातीचं बोलणार होता की शेतातल्या बोअरचं, हे आता कधीच कळणार नाही. हे न कळणं तुझ्याजवळ राहणार आहे, मी ते गोड करून सांगणार नाही. पण एक आठव. आयुष्यभरात तुम्ही दोघं एकमेकांना किती वेळा 'नंतर करते', 'नंतर करतो' म्हणाला असाल? परक्याचा फोन असता तर तू मीटिंगमधून बाहेर येऊन माफी मागत बोलली असतीस. भाऊ हक्काचा होता, कुठे जाणार नव्हता, म्हणून 'नंतर'. तुझ्या त्या मेसेजमध्ये त्याच्याविषयीचा भरवसा होता, आणि तो वाचताना त्यालाही तसंच वाटलं असणार. रात्री ते वाक्य आलं की फोन घे आणि त्याला जे सांगायचं राहिलंय ते लिही. पाठवायचं कुठेच नाही. वहीत लिहिलंस तरी चालेल. कित्येक जणींनी मला कळवलंय की लिहिल्यावर झोप लागली.

वेड लागलेलं नाही गं तुला. त्या पाच पायऱ्या, म्हणजे नाकारणं, राग, घासाघीस, खिन्नता आणि स्वीकार, १९६९ साली एलिझाबेथ क्युब्लर-रॉस या डॉक्टरांनी मांडल्या, आणि त्या मुळात स्वतः मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून मांडल्या होत्या. मागे राहिलेल्यांनी त्या एकामागून एक चढाव्यात असं काही नाही, त्यामुळे तू त्यांवर सापडत नाहीस यात नवल नाही. पुढे १९९९मध्ये नेदरलँड्समधल्या दोन अभ्यासकांनी जे सांगितलं ते मला जास्त खरं वाटतं: दुःखातला माणूस झोका घेतो. कधी गेलेल्याकडे, कधी समोरच्या कामांकडे, घासाकडे, हसण्याकडे. दोन्हीकडे जाणं लागतंच. तू हसलीस तेव्हा तुझा झोका दुसऱ्या टोकाला होता. तासाभरात परत आलाच ना?

आईचं. रोज रात्री आठला तिचा फोन येतो, ती रडते आणि तू 'हो, हो' म्हणत दात आवळून ऐकतेस. आईसमोर रडू नकोस, असं सांगणाऱ्यांचं ऐकू नकोस. एकदा तिच्याबरोबर रड. तुझे डोळे कोरडे पाहून तिला काय वाटत असेल? आपला लेक आपल्या एकटीलाच आठवतोय, असं. आणि आठवड्यातले दोन दिवस तो फोन मावशीकडे जाऊ दे. मावशीला स्पष्ट विचार, ती नाही म्हणणार नाही.

बाबांची मात्र मला काळजी वाटते. बोलत नाहीत, अंगावरचे कपडे सैल झालेत, दिवसभर शेतात एकटे असतात. पुरुषाच्या गप्प राहण्याला आपल्याकडे धीर म्हणतात आणि मोकळे होतात. या वेळी गावी जाशील तेव्हा त्यांच्याबरोबर बांधावर जाऊन बस आणि थेट विचार: 'बाबा, जगू नये असं वाटतं का?' विचारल्याने तसा विचार मनात शिरतो हा गैरसमज आहे, उलट बोलायला वाट मिळते. फवारणीची औषधं असतील त्या खोलीची किल्ली काही महिने चुलतभावाकडे राहू दे. मनाच्या त्रासासाठी सरकारचा टेलिमानस हा मदतीचा फोन १४४१६ क्रमांकावर चोवीस तास मोफत असतो, मराठीत बोलता येतं. तो नंबर तुझ्याही फोनमध्ये ठेव. सहा महिने उलटूनही रोजचं खाणं, झोप, काम सावरतच नसेल, तर जागतिक आरोग्य संघटना त्याला लांबलेल्या दुःखाचा आजार म्हणते आणि त्यावर उपचार आहेत. तू कामावर जातेस, जेवतेस, हसतेस. नुसतं रडू येणं म्हणजे तो आजार नव्हे. बाबांना मात्र डॉक्टरांना दाखव.

वहिनीचं कुंकू पुसताना तू गप्प राहिलीस म्हणून स्वतःला बोल लावलास. तेव्हा तू स्वतःच उभी कशी होतीस कोण जाणे. आता मात्र बोलता येईल. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावच्या ग्रामसभेने मे २०२२मध्ये ठराव केला की गावात कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र, जोडवी काढणं बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून बाकीच्या गावांना हा कित्ता गिरवायला सांगितलं. दिवाळीत कोणी पुन्हा कुजबुजलं तर हेरवाडचं नाव घे. आणि वहिनीला विचार तिला काय हवंय. टिकली लावायची असेल तर तू लाव तिच्या कपाळावर, तिच्या सासूबाईंच्या, म्हणजे तुझ्या आईच्या देखत.

तिला कागदांतही हात दे. रडणाऱ्या बाईला बँकेच्या खिडकीवर चार चार वेळा उभं करतात. भावाच्या पासबुकात वर्षातून एकदा ४३६ रुपये कापलेले दिसतात का बघ. मेच्या शेवटी किंवा जूनमध्ये असतील. ती प्रधानमंत्री जीवनज्योती विम्याची रक्कम असते, त्याचे वारसाला २ लाख मिळतात. पुष्कळ घरांत हे माहीतच नसतं. त्याचा पीएफ कापला जात असेल तर विधवा पेन्शन, मुलाची पेन्शन आणि पीएफला जोडलेला विमा, तिन्हीची चौकशी कर. उशीर झाला म्हणून सोडून देऊ नका.

पत्रात मला सर्वांत जास्त टोचलं ते भाच्याचं. त्याला सांगितलंय, बाबा गावाला गेलाय. म्हणून दुचाकीचा आवाज आला की तो फाटकाशी पळतो. त्या पोराला खरं सांगा. 'बाबाचं शरीर बंद पडलं, डॉक्टरांनाही ते परत चालू करता आलं नाही. बाबा मेला. तो परत येणार नाही. तुझ्यामुळे झालं नाही. आई आहे, आजी आहे, आत्या आहे.' झोपला म्हणू नका, पोर झोपायला घाबरेल. तो दहा मिनिटांत खेळायला जाईल आणि रात्री पुन्हा तेच विचारेल. पुन्हा तेच, त्याच शब्दांत सांगायचं. त्या वयात 'कायमचं' कळत नाही, म्हणून पुन्हा पुन्हा. हे त्याच्या आईने सांगावं आणि तू शेजारी बसावंस.

तुझ्या नवऱ्याने 'किती दिवस असं?' विचारलं. तो वाईट नाही, घाबरलाय. त्याला एखादं काम नेमून दे: रविवारी अर्धा तास माझ्याजवळ बस, मी भावाचं काहीतरी सांगीन, तू नुसतं ऐक, उपाय सांगू नकोस.

आणि अशा घराच्या ओळखीत असणाऱ्या बाकी वाचकांना सांगते. पहिल्या दिवशीचा कडू घास आपण नेतो, दहाव्याला, तेराव्याला गर्दी करतो. मग चौदाव्या दिवशी घर रिकामं होतं. माझे यजमान गेले तेव्हा खालच्या मजल्यावरच्या एक बाई बाविसाव्या की तेविसाव्या दिवशी मेथीच्या दोन जुड्या घेऊन आल्या. म्हणाल्या, 'एकटीला निवडायचा कंटाळा आला.' तासभर आम्ही मेथी निवडली. मधेच त्यांनी यजमानांचं नाव घेऊन विचारलं, त्यांना मेथीची परतून केलेली आवडायची की पातळ? इतक्या दिवसांत त्यांच्याविषयी मला कोणी काही विचारलेलं नव्हतं. मी रडले, त्या निवडत राहिल्या. पुढच्या गुरुवारी पुन्हा आल्या. 'काही लागलं तर सांग' म्हणणाऱ्यांना मी कधी काही सांगितलं नाही, सांगता येत नाही. त्या बाई कशासाठी आल्या ते मला कधी विचारावं लागलं नाही.

भाऊबीज जवळ आलीय, म्हणूनच तू आत्ता लिहिलंस ना? या वर्षी नाशिकला थांबू नकोस. घरात सण नसेल, फराळ शेजारचे आणून देतील, ते ठीकच आहे. तू जा. ज्यांना भाऊ नाही त्या बायका आपल्याकडे चंद्राला ओवाळतात, तुझ्या आजीने सांगितलं असेल. तुला भाऊ नाही असं मी म्हणणार नाही. तरी ताट तयार कर. वहिनी आणि भाचा यांना घेऊन गच्चीवर जा, आईला यावंसं वाटलं तर तिलाही ने. द्वितीयेची कोर फार बारीक असते आणि सूर्य बुडाल्यावर थोडाच वेळ पश्चिमेला दिसते, तेव्हा उजेड असतानाच वर जाऊन बसा. निरांजनाचं ताट भाच्याला तुझ्याबरोबर धरू दे, आणि ओवाळताना ते नाव घे.