ब्लॉकचेनवर, म्हणजे अनेक संगणकांवर ठेवलेल्या सामाईक डिजिटल नोंदवहीवर, लोकांचा विश्वास बसावा म्हणून कंपन्या नेमकं काय करतात?

‘नोंद बदलता येत नाही’ एवढं सांगून भागत नाही. खोटी माहिती भरली तर तीही कायमची राहते. म्हणून नोंद कोण करतं आणि कोण तपासतं, हे आधी जाहीर करावं लागतं. कोड खुला ठेवून बाहेरच्यांकडून ऑडिट करून घेतात. २०१६ मध्ये ‘द डीएओ’ या कोडवर चालणाऱ्या गुंतवणूक निधीतून सुमारे ३६ लाख इथर (एक क्रिप्टोचलन) चोरीला गेले ते कोडमधल्या त्रुटीमुळेच. २०२२ मध्ये एफटीएक्स हे क्रिप्टो एक्स्चेंज (क्रिप्टोचलनांच्या खरेदी-विक्रीचं ठिकाण) बुडाल्यावर अनेक एक्स्चेंजनी मर्कल ट्री (असंख्य नोंदी एकाच छोट्या सांकेतिक ठशात गुंफण्याची पद्धत) वापरून राखीव निधीचे पुरावे देणं सुरू केलं. आपली शिल्लक हिशेबात धरली आहे का, हे ग्राहक स्वतः पडताळू शकतो. पण कंपनीचं इतर कर्ज त्यात दिसत नाही आणि पुरावा त्या क्षणापुरताच असतो. सगळे नोड (नोंदवहीची प्रत ठेवणारे संगणक) एकाच कंपनीकडे असतील, तर मग साधा डेटाबेस काय वाईट?