दुसरीतल्या मुलीच्या ‘गिफ्टेड’ वर्गासाठी हप्ते सुरू करावेत का?

नागपूरच्या मनीषनगरहून एका ताईंनी विचारलंय. मुलगी सात वर्षांची, दुसरीत. वर्गातली गणितं झटपट उरकते आणि घरी आली की चौथीतल्या मामेभावाच्या वहीत डोकं घालते. एका संस्थेने टॅबवर चाचणी घेतली, ती ‘वरच्या दोन टक्क्यांत’ असल्याचं सांगितलं आणि दोन वर्षांचा ‘गिफ्टेड अँड टॅलेंटेड’ वर्ग सुचवला. फी 96,000, वर 18 टक्के जीएसटी, एकूण 1,13,280 रुपये. भरायचे 12 ‘बिनव्याजी’ हप्त्यांत, दरमहा 9,440. त्यासाठी सुकन्या समृद्धीचे महिन्याचे 5,000 आणि 3,000 ची एसआयपी (म्युच्युअल फंडातली दरमहा गुंतवणूक) वर्षभर थांबवायचा विचार आहे. रविवारच्या आत नाव नोंदवलं तर सवलत मिळणार आहे.

ताई, हा करार करू नका. मुलीवर खर्चच करू नका असं मात्र मी म्हणत नाही. तिला शाळेपलीकडचं काहीतरी हवंय, हे तुमच्या पत्रातून स्पष्ट दिसतं आणि त्यासाठी घरातून पैसे निघायलाच हवेत. किती, कुठून आणि कोणत्या अटीवर, एवढंच ठरवायचं आहे.

आधी घरचा हिशोब. दोघांचे मिळून 82,000 येतात. घराचा हप्ता 21,500, घरखर्च 46,000, बचत 8,000. उरतात 6,500, आणि त्यातूनच सणवार, गाडीची दुरुस्ती, शाळेचे अधूनमधूनचे खर्च. बाजूला 90,000 ची एफडी. हप्ता आणि घरखर्च धरला तर ती एफडी सव्वा महिना पुरते. यजमानांची नोकरी मिहानमधल्या खासगी कंपनीत आणि सासूबाईंचं औषधपाणी सुरू. अशा घरात आणखी 9,440 चा बांधील हप्ता घेतलेला मला पटत नाही.

बचत थांबवण्याची किंमतही पाहू. सुकन्या खातं याने बंद पडत नाही, वर्षाला किमान 250 रुपये भरले तरी चालू राहतं. पण न भरलेले 60,000 आजच्या 8.2 टक्के दराने, तो दर टिकला तर, मुलगी अठराची होईपर्यंत साधारण 1,43,000 झाले असते. एसआयपीचे 36,000 दहा टक्के परतावा धरला तर लाखाच्या थोडं वर गेले असते. हे अडीच लाख म्हणजे काही आभाळ कोसळणं नव्हे. वर्गातून तिला खरोखर काही मिळणार असेल तर मी स्वतः म्हणेन, भरा. मला काळजी हप्त्याची आहे.

‘बिनव्याजी’ हप्ता म्हणजे बहुतेक वेळा तुमच्या नावावर काढलेलं कर्ज. कर्ज देणारी कंपनी संस्थेला पैसे आधीच देऊन टाकते. तीन महिन्यांनी मुलीने ‘मला नाही जायचं’ म्हटलं तरी उरलेले हप्ते तुमच्याच खात्यातून जाणार, आणि चुकले तर सिबिल स्कोअर, म्हणजे कर्जफेडीची पत दाखवणारा आकडा, तुमचा खराब होणार. सात वर्षांच्या मुलाची आवड पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत बदलते, आणि बदलावीच. कोचिंग वर्गांसाठी केंद्राने जानेवारी 2024 मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. मध्येच सोडलं तर उरलेल्या काळाची फी 10 दिवसांत परत करावी, असं त्यांत आहे. अंमलबजावणी राज्यांकडे असली तरी तुम्ही हीच अट समोर ठेवा आणि लेखी मागा. लिहून द्यायला टाळाटाळ झाली तर तिथेच समजून घ्या. करसवलतीचंही विसरा. जुन्या करप्रणालीत शाळेच्या शिकवणी शुल्कावर मिळते ती वजावट अशा खासगी वर्गाला लागू होत नाही.

आता त्या ‘दोन टक्क्यां’बद्दल. जो वर्ग विकतो त्यानेच घेतलेल्या चाचणीवर लाखाचा निर्णय घेऊ नये. या वयात गुण बरेच खालीवर होतात: झोप, मूड, समोरच्याची ओळख, सगळ्याचा परिणाम होतो. खरंच जाणून घ्यायचं असेल तर बालमानसतज्ज्ञाकडे जा. ते मुलीला एकटीला समोर बसवून बिने-कामत किंवा मालिन यांची बुद्धिमापन चाचणी घेतात, आणि नुसता आकडा न देता तिचं कुठे जोरात चालतं, कुठे अडतं हेही सांगतात. हा खर्च एकदाचा आहे.

तुम्ही दिव्या देशमुखचं उदाहरण दिलंत. आपल्या नागपूरची पोर 2025 मध्ये बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकली, अभिमान वाटणारच. पण तिने लहानपणी धरलं ते बुद्धिबळ, एक ठरावीक गोष्ट, आणि 2014 मध्ये दहा वर्षांखालच्या मुलींचं जागतिक विजेतेपद मिळवलं. ‘सर्वांगीण प्रतिभाविकास’ नावाच्या पॅकेजशी त्याची तुलना होत नाही. आणि घाई कशाची? पुण्याची ज्ञान प्रबोधिनी 1962 पासून बुद्धिमान मुलांसाठी काम करते, तिच्या प्रशालेतही मुलं पाचवीपासूनच घेतात.

माझा सल्ला: सुकन्या आणि एसआयपी दोन्ही चालू ठेवा. उरणाऱ्या 6,500 मधून महिना 2,500 मुलीसाठी वेगळे काढा आणि दर महिन्याला फी भरता येईल, नको वाटलं की थांबता येईल अशाच ठिकाणी घाला. गणिताची कोडी घेणारे एखादे निवृत्त शिक्षक, आठवड्यातून दोनदा बुद्धिबळ, जे तिला आवडेल ते. वर्ग निवडताना एका तासात नेमकं काय करून घेता, ते बसून पाहू द्या म्हणा. दुसरीतल्या पोरीला चौथीचं पुस्तक पुढे ढकलत असतील तर तुमच्या भाच्याची वही ते काम फुकट करतेय. बेरीज-वजाबाकीतच खोल नेत असतील, एकच गणित तीन वाटांनी सोडवायला लावत असतील, तर फी द्यायला हरकत नाही.

वर्गशिक्षिकेला भेटा, काम लवकर संपलं की हिला वेगळं काही देता येईल का, विचारा. सुट्टीत गांधीसागरजवळचं रमण विज्ञान केंद्र आणि तिथलं तारांगण, अजब बंगल्याचं संग्रहालय, घराजवळचं वाचनालय. तिला प्रश्न पडतात म्हणालात ना, मग तिथे घाई न करता थांबा.

तुमचा धाकटाही तीन वर्षांचा आहे. आज मोठीसाठी जी रक्कम ठरवाल तीच उद्या त्याच्यासाठी काढता आली पाहिजे. 2,500 दोनदा निघू शकतील, 9,440 नाही.

रविवारी संस्थेचा फोन आलाच, तर दरमहा फी आणि परताव्याची अट दोन्ही ईमेलवर मागा. देत असतील तर तीन महिने पाठवून पाहा, आणि तेही कर्ज न काढता.