चार शिडाच्या होड्या, दहा माणसं आणि वेंगुर्ल्याचे खडक

प्रश्न थोडक्यात असा आहे. सांगलीचे दहा मित्र. त्यातल्या चौघांनी कृष्णेतल्या होड्यांच्या शर्यतीत वल्हं मारलंय. एंटरप्राइज जातीच्या चार जुन्या शिडाच्या होड्या घेऊन झाल्यात. डिसेंबरात सिंधुदुर्गातल्या निवतीहून समुद्रातल्या वेंगुर्ला रॉक्स या खडकाळ बेटावर जायचं, बेटावर दोन रात्री तंबू ठोकायचे, आणि सगळं जमलं तर पुढच्या वर्षी लक्षद्वीप. मागितली आहे सामानाची यादी. यादी देतो, पण त्याआधी बेत थोडा उसवावा लागेल.

पहिला हिशेब माणसांचा. एंटरप्राइज ही दोघांची होडी. तलावात तिसरा माणूस खपून जातो, समुद्रात तोच बूम (शिडाखालची आडवी काठी) डोक्याला लावून घेतो आणि शीड फिरवताना मध्ये येतो. म्हणजे चार होड्यांत आठ. उरलेले दोघे सोबतच्या मच्छीमार बोटीवर, आणि तेही हौशे-नवशे म्हणून नव्हेत, राखीव गडी म्हणून. कुणाला लागलं, कुणी उलट्या करून आडवा झाला, तर तो बोटीवर आणि बोटीवरचा होडीत. सोबतची बोट तुमच्या बेतात दिसली नाही. ती नसेल तर जाऊ नका, इतकं सरळ.

दुसरं, बेटावरचा मुक्काम विसरा. वेंगुर्ला रॉक्स, ज्याला इंग्रजीत बर्न्ट आयलंडही म्हणतात, हे काळ्या खडकांचं जुंबाड आहे. वाळूची पुळण नाही, गोडं पाणी नाही, सावली नाही. दीपगृह आहे ते सरकारी, परवानगीशिवाय तिथं जायचं नाही. खडकाच्या बुडाशी समुद्राचा फुगवटा सतत वर-खाली होत असतो. शांत दिवशीसुद्धा पाणी खडकावर हातभर चढतं आणि लगेच ओढून नेतं. फायबरची होडी तिथं टेकवली की दोन लाटांत तिचा तळ फुटला म्हणून समजा. शिवाय तिथल्या गुहांत पाकोळ्यांची वसाहत आहे. लाळेने बांधलेल्या त्यांच्या घरट्यांची पूर्वी तस्करी व्हायची, त्यामुळे वनखात्याची तिथं नजर असते. पक्ष्यांच्या घरात तंबू ठोकायचं कारणही नाही. बेट लांबून बघायचं, खडकापासून दोन-तीनशे मीटर अंतर ठेवून, आणि परत. मुक्काम निवतीत किंवा भोगव्यात करा. किनाऱ्यावर घरगुती जेवण मिळतं, आणि त्या जेवणासाठी मी तरी परत यायला एका पायावर तयार असतो.

आता खरा मुद्दा, वारा. डिसेंबरात कोकणात पहाटेपासून जमिनीकडून मतलई वारा असतो, पूर्वेचा किंवा ईशान्येचा, अंगाला गार लागणारा. दहाच्या सुमारास तो मरतो. मग दीड-दोन तास समुद्र तेलासारखा पडून असतो. बारा वाजता वायव्येकडून खारा वारा उठतो आणि चारपर्यंत वाढत जातो. कोकणातले मच्छीमार पिढ्यानपिढ्या या दोन वाऱ्यांवर आत-बाहेर करत आलेत. तुमचा दिवसही यातच बसवायचा. बेट निवतीच्या नैर्ऋत्येला, साधारण दहा किलोमीटर. सात वाजता निघालात तर मतलई पाठीशी राहते, नऊ-साडेनऊपर्यंत तुम्ही खडकांजवळ असता. वारा पडलेल्या वेळात पाणी प्या, खा, फोटो काढा. खारा वारा सुरू झाला की ताबडतोब परत. सगळी शिडं बारा वाजता किनाऱ्याकडे वळलेली पाहिजेत, अर्धं बेट बघायचं राहिलं असलं तरी. ही वेळ आदल्या रात्री ठरवायची, आणि पाण्यावर त्यावर चर्चा करायची नाही. दहा मित्र असले की "अजून अर्धा तास" म्हणणारा एक तरी निघतोच, आणि तो अर्धा तास तीन वाजता चौपट होऊन वसूल होतो.

इथं नकाशा उघडून एक गोष्ट बघा. परतताना वारा वायव्येचा असेल तर निवती तुम्हाला वारा बाजूला घेऊन गाठता येतं. तो उत्तरेकडे सरकला तर निवतीला जाणं म्हणजे वाऱ्याच्या तोंडावर चढणं, आणि थकलेल्या गड्यांना ते जमत नाही. अशा वेळी वेंगुर्ला बरं. ते पूर्वेला पंधरा-सोळा किलोमीटर आहे, अंतर जास्त, पण वारा बाजूने. म्हणून गाडी घेऊन किनाऱ्यावर थांबलेल्या माणसाकडे वेंगुर्ल्याचा रस्ता आणि टाकीत डिझेल दोन्ही असू द्या. कुठं उतरायचं याचा निर्णय साडेबारापर्यंत सोबतच्या बोटीवरून व्हायला हवा, आणि सगळ्यांनी एकाच ठिकाणी उतरायचं.

तारीख निवडताना भांगाची, म्हणजे कमी भरती-ओहोटीची, धरा, अष्टमीच्या आसपासची. उधाणाच्या दिवसांत ओढ जास्त असते. तिथीच्या पाऊणपट हा भरतीच्या वेळेचा जुना ठोकताळा, त्या हिशेबाने अष्टमीला सकाळी सहाच्या सुमारास भरती भरते आणि तुम्ही निघता तेव्हा पाणी बाहेर जात असतं. तिकडे वेळ थोडी अलीकडे सरकते, नेमकी वेळ तक्त्यात बघा.

सोबतची बोट निवती-मेढ्यावर ठरवा. फोनवर भाव करत बसू नका, आधी एकदा नुसतं जाऊन या. बोट चालवणाऱ्या तांडेलाला सांगायचं की चार शिडाच्या होड्या आहेत, तुला त्यांच्या चालीने हळू चालायचंय, मासळी नाही धरायची. हे सगळ्यांना जमत नाही. इंजिन तासन् तास मंद ठेवणं त्यांना कंटाळवाणं वाटतं आणि डिझेलही जातं, त्याचे पैसे द्या. आणि त्याचं 'नको' हे शेवटचं. पहाटे अंधारात समुद्राकडे तोंड करून उभा राहिलेला तांडेल मी पाहिलाय. मानेवर मतलई लागतेय का ते बघत होता, खडकावर फुटणाऱ्या पाण्याचा आवाज ऐकत होता. मग वळून म्हणाला, "आज नको. भायर लाट आसा." मोबाइलवर वारा पाच नॉट (ताशी सुमारे नऊ किलोमीटर) दाखवत होता. आम्ही होड्या पुन्हा दोरीने बांधल्या आणि मालवणला जेवायला गेलो.

ती बाहेरची लाट कशी कळते, तर इन्कॉइसच्या अंदाजातून. हैदराबादची ही संस्था लाटेची उंची आणि दोन लाटांमधला वेळ दोन्ही देते. आपले लोक फक्त उंची बघतात. एक मीटरची लाट सहा सेकंदांची असेल तर ती जवळच्या वाऱ्याची, होडीला त्रासदायक. तीच चौदा सेकंदांची असेल तर लांबून आलेला फुगवटा. खोल पाण्यात तुम्हाला तो जाणवतही नाही, पण खडकाशी आणि किनाऱ्यावर उतरताना तो उभा राहून फुटतो. माझी मर्यादा नवख्या गटासाठी अशी: लाट एक मीटरच्या आत, दुपारचा वारा बारा नॉटच्या आत. त्यापुढे आंबोळी खात किनाऱ्यावर बसायचं. आणि डिसेंबर म्हणजे निर्धास्त असंही नाही. ओखी चक्रीवादळ २०१७ च्या डिसेंबरातच या किनाऱ्यासमोरून वर गेलं. फयान ११ नोव्हेंबर २००९ ला आलं. अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा अशी बातमी दिसली की बेत पुढच्या भांगावर ढकला.

कृष्णेतल्या गड्यांबद्दल. त्यांचे खांदे आणि दम उपयोगाचेच आहेत, वारा पडला की वल्ही तेच मारणार. पण नदीला दोन काठ असतात आणि प्रवाह एकाच दिशेने जातो. होडी उलटली तर शंभर हात पोहलं की काठ. ती सवय समुद्रात घातक, कारण उलटलेली होडी सोडून पोहत निघणारा माणूस लाटांत दिसत नाही, होडी दिसते. होडी सोडायची नाही. हे वाक्य दहाही जणांकडून पाठ करून घ्या. आणि पोहता येतं म्हणून लाइफ जॅकेट नको म्हणणारा असेल तर त्याला घरी ठेवा. ८ ऑगस्ट २०१९ ला महापुरात ब्रह्मनाळला होडी उलटून काय झालं ते सांगलीकरांना मी साताऱ्यातून सांगायची गरज नाही. नदीकाठची माणसं होती ती, आणि होडीत तिच्या कुवतीपेक्षा जास्त जण होते.

जॅकेटवर न्यूटनचा, म्हणजे तरंगवण्याच्या ताकदीचा, आकडा छापलेला असतो. ५० चं जॅकेट पोहता येणाऱ्याला, मदत हाताशी असताना. तुम्ही १०० चं घ्या. आणि मांड्यांमधून जाणारा पट्टा असलेलंच घ्या, तो का ते कोयनेच्या शिवसागर जलाशयात सरावात एकदा पडल्यावर कळेल. पट्टा नसला की माणूस खाली लोंबतो आणि जॅकेट कानांपर्यंत वर चढतं. हनुवटी आत रुतते, दोन्ही हात ते खाली ओढण्यात गुंततात, होडी धरायला हातच उरत नाही.

तर शिवसागर. कोयनेचं पाणी ऑक्टोबरात भरलेलं असतं, सरावाला त्याहून चांगली जागा आपल्या दोन जिल्ह्यांत नाही. बामणोली किंवा तापोळ्याला तळ टाका. फक्त सप्टेंबरातल्या रविवारी कास मार्गे ट्रेलर आणू नका, फुलं बघायला आलेल्या गाड्यांत अर्धा दिवस जाईल. खासगी होडी पाण्यात घालण्याआधी जलसंपदा विभागाला विचारा, धरणाच्या बाजूला मुळीच जाऊ नका. पश्चिमेचा काठ कोयना अभयारण्याचा, म्हणजे सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा. वासोटा किल्ल्यावर जाणारे लोकही वनखात्याची परवानगी काढूनच उतरतात. तिथं हौसेने होडी लावू नका.

सराव म्हणजे फिरणं नव्हे. दोन शनिवार-रविवार फक्त होडी उलटवायची. मुद्दाम. एकाने फिरून खालच्या बाजूला जायचं, पाण्याबाहेर आलेल्या फळीवर, म्हणजे सेंटरबोर्डवर, चढायचं, आणि दोरी धरून मागे झुकायचं. दुसऱ्याने होडीच्या आतल्या अंगाला तरंगत राहायचं, म्हणजे होडी उभी होताना तो आपोआप आत ओढला जातो. पहिल्यांदा सगळे हसतात. चौथ्यांदा बोटं गारठून दोरी सुटायला लागते, तेव्हा खरा सराव सुरू होतो. मग पाणी उपसा. उपसायचं भांडं दोरीने बांधलेलं नसलं तर ते पहिल्याच वेळी वाहून जातं. पाच लिटरच्या तेलाच्या कॅनचा तळ तिरका कापून घ्या, बाजारातल्या कुठल्याही वस्तूपेक्षा भारी. जी जोडी दहा मिनिटांत होडी उभी करून कोरडी करू शकत नाही, ती डिसेंबरात समुद्रात नाही. यात मैत्री मध्ये आणू नका. आठजण तयार झाले नाहीत तर तीन होड्या न्या.

ताफ्याची चाल सर्वांत हळू होडीवर ठरते, म्हणून ती पुढे ठेवा. तरबेज जोडी सगळ्यात मागे. पुढं निघालेल्याने शीड सैल सोडून फडफडत थांबायचं. दोन होड्यांत शिट्टी ऐकू येईल इतकंच अंतर. खुणा तीनच ठेवा: उभं वल्हं म्हणजे जवळ या, दोन्ही हात हलवले म्हणजे मदत, लांब शिट्टी म्हणजे जिथं आहात तिथं थांबा. याहून जास्त खुणा ठरवल्या की ऐन वेळी एकही आठवत नाही. म्होरक्या एकच, आणि तो सोबतच्या बोटीवर नको, होडीतच हवा. किनाऱ्यावर मात्र दहापैकी एकानेही सकाळी 'मला बरं वाटत नाही' म्हटलं तर त्याला कारण विचारायचं नाही, त्याची जागा राखीव गडी घेईल.

२००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर किनाऱ्यावर अनोळखी होडीकडे संशयानेच बघतात, आणि ते बरोबरच आहे. निवतीच्या पोलिस ठाण्यात दहा नावं, आधार कार्डांच्या प्रती, होड्यांचे फोटो, जाण्या-येण्याची वेळ देऊन ठेवा. होड्यांच्या कागदपत्रांबद्दल महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाच्या वेंगुर्ल्याच्या कार्यालयात आधीच विचारा. परत आल्यावर ठाण्यात कळवायला विसरू नका, नाहीतर संध्याकाळी तुमचा शोध सुरू होईल. तटरक्षक दलाचा नंबर १५५४, बोटीवर व्हीएचएफ रेडिओ असेल तर चॅनेल १६.

यादी. माणशी चार लिटर पाणी, लहान बाटल्यांत, होडीला बांधून. खायला दशम्या, गूळ-शेंगदाणे, केळी. भडंग-चुरमुरे नेऊ नका, डबा उघडल्यापासून पाच मिनिटांत मऊ पडतात. पूर्ण बाह्यांचे कपडे, बांधता येणारी टोपी, हातमोजे (दोरीने तळवे सोलतात). उलटीची गोळी निघण्याच्या तासभर आधी. पण तिने झोप येते, म्हणून शिवसागरात एकदा घेऊन बघा आणि बीपी-शुगरवाल्यांनी डॉक्टरांना विचारा. फोन दोन वेगवेगळ्या होड्यांत, जलरोधक पिशवीत. प्रत्येक होडीत ओढून न्यायला पंधरा मीटर दोरी, चाकू, दोन वल्ही.

लक्षद्वीपचं उत्तर लहान आहे. कोचीपासून दोनशे किलोमीटरहून जास्त उघडा समुद्र आहे, तुमच्या होड्या तिकडे जाणार नाहीत. प्रवेशाचा परवाना काढून जहाजाने किंवा विमानाने जा. बंगारम, तिन्नकरा आणि परळी ही बेटं एकाच लगूनमध्ये आहेत, आत पाणी उथळ आणि शांत. तिथलीच होडी भाड्याने घेऊन स्थानिकासोबत फिरा.

राहिला ट्रेलरचा प्रश्न. कोल्हापूर, आंबोली, सावंतवाडी, कुडाळ, परुळे असा रस्ता धरा. डोलकाठ्या काढून टपावर बांधा, टोकाला लाल फडकं लावा, आणि आंबोलीच्या घाटाखाली एकदा उतरून सगळे पट्टे पुन्हा आवळा. परुळ्यापासून पुढं रस्ता अरुंद आहे, उजेडात पोहोचा.