हलत्या डेकवर विमान उतरते कसे?

प्रश्न : विमानवाहू नौका चालत असते, लाटांवर हेलकावे खात असते आणि विमान थांबवायला जागा जेमतेम शंभर मीटरची. अशा वेळी आपण योग्य उंचीवर आहोत हे वैमानिकाला कसे कळते? शिवाय चाके टेकताच इंजिनाचा जोर कमी न करता तो वाढवला जातो, असे का?
– एक वाचक, मालवण

उत्तर : वैमानिक डेककडे पाहून उंचीचा अंदाज बांधत नाही, तो डेकच्या डाव्या कडेला लावलेल्या दिव्यांकडे पाहतो. दुसऱ्या महायुद्धात तेथे एक अधिकारी हातांत बॅटसारख्या फळ्या घेऊन खुणा करी आणि ब्रिटिश नौदलात त्याला ‘बॅट्समन’ म्हणत. जेट विमाने आली तेव्हा मात्र खूण दिसून, ती समजून, त्याप्रमाणे विमान सावरण्याइतका अवधीच उरेना. म्हणून १९५०च्या दशकाच्या आरंभी त्याच नौदलातील निकोलस गुडहार्ट यांनी अंतर्वक्र आरशाची योजना पुढे आणली. आरशात प्रकाशाचा एक ठिपका दिसतो आणि दोन्ही बाजूंना हिरव्या दिव्यांची आडवी ओळ असते. विमान ठरलेल्या उतारावर, म्हणजे साधारण तीन ते साडेतीन अंशांवर असेल, तर ठिपका ओळीच्या रेषेत दिसतो. विमान वर राहिले की ठिपका वर सरकतो, खाली गेले की खाली. पुढे आरशाची जागा भिंगांनी घेतली. नौका डोलली तरी दाखवलेला उतार ढळू नये, यासाठी हे उपकरण जायरोच्या (वेगाने फिरत राहून आपली दिशा टिकवणाऱ्या चाकाच्या) साहाय्याने स्थिर ठेवलेले असते.

ठिपका सांभाळतानाच मध्यरेषाही सांभाळावी लागते आणि माझ्या मते खरी कसोटी हीच आहे. कारण उतरण्याची पट्टी नौकेच्या दिशेला तिरकी असल्याने नौका पुढे जाते तशी ती रेषा वैमानिकाच्या उजवीकडे सरकत राहते. डेकवर उभा असलेला एलएसओ (लँडिंग सिग्नल ऑफिसर, म्हणजे उतरणाऱ्या विमानांना मार्गदर्शन करणारा अधिकारी), जो स्वतः अनुभवी वैमानिक असतो, रेडिओवरून सूचना देतो. त्याने लाल दिवे लावले की उतरण्याचा प्रयत्न सोडून वर जाणे बंधनकारक असते.

आता इंजिनाविषयी. विमानाच्या शेपटीखालचा हूक डेकवर आडव्या ताणलेल्या पोलादी केबलमध्ये अडकला तरच विमान थांबते. ‘आयएनएस विक्रमादित्य’वर अशा तीन केबल आहेत. हूक हुकला तर विमानाला तत्काळ पुन्हा उड्डाण करावे लागते, आणि जेट इंजिनाला मंद गतीवरून पूर्ण जोर धरायला काही सेकंद लागतात, जे तेथे मिळत नाहीत. म्हणून केबल पकडली गेल्याची खात्री होण्यापूर्वीच थ्रॉटल (इंजिनाचा जोर कमीजास्त करणारा दांडा) पुढे ढकललेला असतो. तिरक्या पट्टीमुळे पुढचा मार्ग मोकळा मिळतो. पूर्वीच्या सरळ डेकवर हुकलेले विमान पुढच्या जाळीवर किंवा उभ्या विमानांवर आदळत असे.

आपल्याकडे १८ मे १९६१ रोजी जुन्या ‘विक्रांत’वर पहिले जेट उतरवले ते लेफ्टनंट तहिलियानी यांनी, ते पुढे नौदलप्रमुख झाले. आज सरावासाठी गोव्यात दाबोळी येथे ‘आयएनएस हंसा’ या नौदलाच्या हवाई तळावर, जमिनीवरच, नौकेच्या डेकसारखी पट्टी उभारलेली आहे. तेजसच्या नौदल आवृत्तीने सप्टेंबर २०१९मध्ये तेथेच प्रथम केबल पकडली. त्यानंतर ११ जानेवारी २०२० रोजी कमोडोर जयदीप मावळणकर यांनी ते विमान भर समुद्रात ‘विक्रमादित्य’वर उतरवले.